पाठराखीण प्रथिनं : जिवाणूंच्या स्राव यंत्रणेतल्या शॅपरोनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना दर वर्षी तेच प्रश्न समोर येतात. चोपड्याची मुलगी विचारते, शहाद्याचा मुलगा विचारतो, कधी कपाशीवाले पालकही विचारतात. विषय अवघड वाटतो, कारण पुस्तकात तो चार ओळींत उरकलेला असतो. म्हणून वर्गात दिलेली उत्तरं इथं सविस्तर लिहून ठेवते आहे.

शॅपरोन म्हणजे काय? हे नाव कुठून आलं?

दुसऱ्या प्रथिनाला काही काळ धरून ठेवणारं, त्याला भलतीकडे चिकटू न देणारं आणि योग्य जागी पोचलं की सोडून देणारं प्रथिन म्हणजे शॅपरोन. तयार झालेल्या वस्तूत ते स्वतः भाग म्हणून उरत नाही. 'मॉलिक्युलर शॅपरोन' हा शब्द रॉन लास्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये न्यूक्लिओप्लाझ्मिन या प्रथिनासाठी वापरला. पुढे १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी तो प्रथिनांच्या एका मोठ्या गटाला लागू केला.

मी वर्गात यासाठी 'पाठराखीण' म्हणते. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत धाकटी बहीण, आत्या नाहीतर आजी जायची. वाटेत नवरीला सांभाळायचं, कुठं काय बोलायचं ते सांगायचं, आणि पोचवून परत यायचं. लग्न नवरीचं, संसारही नवरीचा. पाठराखीण परत माहेरी. एवढं लक्षात ठेवलं तर अर्धा धडा झाला. फरक एकच आहे. आपली पाठराखीण सासरी चार दिवस राहते, जिवाणूतली मात्र बहुतेक वेळा उंबऱ्यावरूनच मागे फिरते.

स्राव यंत्रणा कशाला लागते?

जिवाणूची प्रथिनं आत, पेशीद्रवात तयार होतात. त्यातली बरीच बाहेर लागतात : अन्न फोडणारी विकरं, विषं, चिकटायचे केस, पोहायची कशाभिका. पण मध्ये पटल आहे, आणि ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूत तर दोन पटलं आहेत. तेलकट पटलातून प्रथिन आपोआप पाझरत नाही, त्याला दार लागतं. सेक आणि टॅट ही आतल्या पटलातली दोन मुख्य दारं. त्याखेरीज टाइप वन, टू, थ्री अशा क्रमांकांच्या यंत्रणा आहेत. त्या सगळ्यांची यादी पाठ करण्यापेक्षा दोन-तीन नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

पुस्तकात लिहिलंय की शॅपरोन प्रथिनाची घडी घालायला मदत करतो. मग इथं तो घडी घालू देत नाही असं कसं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गुण इथंच जातात.

आखाजीला आपल्याकडे खापरावरची पुरणपोळी होते, ती करताना नीट बघा. कणीक सैल असते, पोळी पोळपाटावर पूर्ण लाटत नाहीत. दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर करत ती वाढवतात, पार कोपरापर्यंत. त्या क्षणी तिचा एक पदर दुसऱ्या पदरावर पडला की चिकटला, मग ती सुटत नाही. हात सतत हलते असतात ते तिला मोकळी ठेवायला. खापरावर पडली की मग तिचा आकार ठरतो.

रायबोझोममधून, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातून, नुकतंच बाहेर पडलेलं प्रथिन असंच असतं. त्याचे पाण्याला टाळणारे भाग उघडे असतात आणि ते एकमेकांना किंवा शेजारच्या प्रथिनाला चिकटायला बघतात. प्रथिन आतच राहणार असेल तर त्याची घडी पडू द्यायची, आणि ग्रोईएल, डीएनएके यांसारखे शॅपरोन त्याला हातभार लावतात. पण ते सेकच्या दारातून जाणार असेल तर घडी आधी पडून चालत नाही, कारण ते दार अरुंद आहे आणि त्यातून साखळी उलगडलेल्या स्थितीतच जाते. म्हणजे शॅपरोनचं काम 'घडी घालणं' असं एका शब्दात सांगताच येत नाही. चुकीच्या वेळी चुकीची चिकटाचिकट होऊ न देणं, हे त्याचं खरं काम. कधी त्यातून घडी नीट पडते, कधी ती पुढे ढकलली जाते.

टॅट यंत्रणा याच्या उलट आहे. तिथून घडी पडलेलं प्रथिनच जातं, आणि आत धातूचा सहघटक बसल्याशिवाय ते दाराशी जाऊ नये म्हणून टॉरडी, डीएमएसडी असे वेगळे शॅपरोन पहारा देतात.

सेकबी कसं दिसतं आणि काय करतं?

सेकबी हा सेकच्या दाराकडे जाणाऱ्या प्रथिनांचा शॅपरोन. त्यात चार सारख्या साखळ्या असतात, प्रत्येक सुमारे १७ किलोडाल्टनची (हे प्रथिनाचं वजन मोजायचं एकक). दोन-दोनच्या जोड्या आणि जोड्यांची जोडी. त्याच्या पृष्ठभागावर लांबट खाचा आहेत आणि त्यांना पाण्याला टाळणारं अस्तर आहे. कॅरोल कुमामोटो आणि जॉन बेकविथ यांनी १९८३ मध्ये ई. कोलायमध्ये सेकबीचं जनुक शोधलं. पण न घडलेली साखळी त्यावर नेमकी कशी बसते हे अणूच्या पातळीवर दिसायला २०१६ उजाडलं. तेव्हा कळलं की साखळी सेकबीभोवती गुंडाळली जाते, चातीवर सूत गुंडाळावं तशी. एकाच ठिकाणी घट्ट पकड नसते, तर अनेक ठिकाणी थोडी थोडी पकड असते. म्हणूनच वेगवेगळ्या अनुक्रमांची प्रथिनं त्याला धरता येतात, आणि सोडायची वेळ आली की सोडताही येतात.

पुढची पायरी हस्तांतराची. सेकबी स्वतः एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करत नाही. ते माल, म्हणजे धरून ठेवलेलं प्रथिन, सेकएकडे देतं. सेकए ही मोटर आहे. तिच्या शेपटाशी झिंक धरणारा छोटा भाग असतो आणि सेकबी तिथं टेकतं. मग सेकए एटीपी जाळत साखळी सेकवायईजी या पटलातल्या वाहिनीतून ढकलते. सेकबी काढून टाकलं तरी ई. कोलाय मरत नाही, काही प्रथिनांची निर्यात मंदावते.

पटल ओलांडल्यावरही सोबत संपत नाही. बाह्य पटलात जाणाऱ्या प्रथिनांना दोन पटलांच्या मधल्या जागेत स्केप आणि सुरए हे शॅपरोन धरतात. स्केप तीन साखळ्यांचं आहे आणि जेलीफिशसारखं दिसतं : वर टोपी, खाली लोंबते पाय, मालाला त्या पायांमध्ये धरलेलं.

टाइप थ्री यंत्रणा म्हणजे ती 'सुई' ना? तिथं शॅपरोनचं काय काम?

हो, तीच. साल्मोनेला, शिगेला, यर्सिनिया हे जिवाणू या सुईतून आपली प्रथिनं थेट आपल्या पेशीत सोडतात. सुईच्या आतली वाट जेमतेम दोन-अडीच नॅनोमीटर रुंद आहे. घडी पडलेलं साधारण प्रथिन त्यातून जात नाही. चमकणारं जीएफपी प्रथिन मालाला जोडून पाठवायचा प्रयत्न केला तर ते वाटेतच अडकतं.

इथले शॅपरोन लहान असतात, एक साखळी साधारण १५ किलोडाल्टनची, आम्लधर्मी, दोघांची जोडी. साल्मोनेलातला सिकपी घ्या. त्याचा माल एसपीटीपी. स्टेबिन्स आणि गॅलान यांनी २००१ मध्ये या दोघांची एकत्र रचना प्रसिद्ध केली, आणि ती बघताना आजही मी थांबते. मालाच्या सुरुवातीजवळचा सुमारे शंभर अमिनो आम्लांचा पट्टा शॅपरोनच्या जोडीभोवती ताणून गुंडाळलेला आहे. त्या पट्ट्यात थोडे वळसे आहेत, थोडे सरळ तुकडे आहेत, पण स्वतंत्र गोळा असा नाही. पुढच्याच वर्षी यर्सिनियातल्या सायकई आणि योप-ई या जोडीची रचना आली. अनुक्रमांत फारसं साम्य नाही, तरी गुंडाळण्याची तऱ्हा तीच.

आता पुरणपोळीची उपमा इथं पूर्ण चालत नाही, हेही सांगायला हवं. सेकबी जवळजवळ सगळी साखळी उघडी ठेवतं. टाइप थ्रीचा हा शॅपरोन फक्त तेवढा पट्टा उघडा धरतो, मालाचा उरलेला भाग नीट घडलेला असू शकतो. मग तो अरुंद सुईतून जातो कसा? २००५ मध्ये अकेडा आणि गॅलान यांनी दाखवलं की सुईच्या पायथ्याशी असलेलं इन्व्हसी हे एटीपी जाळणारं प्रथिन आधी शॅपरोनला मालापासून सोडवतं आणि मग माल उलगडतं. शॅपरोन मागे राहतो, माल पुढे जातो. परीक्षेत 'शॅपरोन संपूर्ण प्रथिन उलगडून ठेवतो' असं लिहू नका.

मग शॅपरोनचा नेमका उपयोग काय? संशोधकांनी तीन उत्तरं दिली आहेत आणि तिन्हींना आधार आहे. माल आत टिकतो, तुटत नाही. तो भलत्या ठिकाणी चिकटत नाही. आणि तो योग्य दाराशी जातो, कारण शॅपरोनसकट मालाची ही जोडीच दाराची ओळखखूण असते. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुईच्या तळाशी एक छाननीची जागा आहे आणि तिथं मालाचा क्रमही ठरतो. आधी यजमानाच्या पटलाला भोक पाडणारी प्रथिनं, नंतर आत जाऊन काम करणारी. लारा-तेहेरो आणि गॅलान यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की ही रांग लावण्यात शॅपरोनचा हात असतो.

परीक्षेसाठी टाइप थ्री शॅपरोनचे वर्ग सांगाल का?

थोडक्यात : पहिल्या वर्गातले शॅपरोन आत सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांसाठी (सिकपी, सायकई, सेस्टी). दुसऱ्या वर्गातले पटलाला भोक पाडणाऱ्या प्रथिनांसाठी (सिकए, शिगेलातलं आयपीजीसी), त्यांची बांधणी वळशांच्या जोड्यांची. तिसऱ्या वर्गातले सुई आणि कशाभिकेच्या घटकांसाठी. कशाभिकेतलं फ्लाजेलिन हजारोंच्या संख्येने लागतं आणि ते एकमेकांना जोडायला सदा तयार असतं. फ्लिएस नावाचा शॅपरोन ते आतच जोडलं जाऊ देत नाही.

माल गेल्यावर शॅपरोन रिकामा बसतो का?

नाही, आणि इथं जिवाणूची हुशारी दिसते. साल्मोनेलात सिकए जोवर मालाला धरून आहे तोवर गुंतलेला असतो. सुई उघडली, माल बाहेर गेला की सिकए मोकळा होतो. मग तो इन्व्हएफ या नियामकाला जाऊन भेटतो आणि दोघं मिळून पुढच्या प्रथिनांची जनुकं चालू करतात. मोकळा सिकए दिसला याचा अर्थ दार उघडलं. वेगळा निरोप पाठवायची गरजच उरत नाही. शिगेलात आयपीजीसी हेच काम करतं.

प्लेगचा याच्याशी काय संबंध? आजी अजून सुरतच्या प्लेगचं सांगते.

माझ्या पिढीलाही आठवतं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली. आपल्याकडची किती माणसं तिथं कामाला! ताप्ती लाइनच्या गाड्या भरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे परतल्या. आमच्या गल्लीत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनात.

प्लेगचा जिवाणू यर्सिनिया पेस्टिस, अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधलेला. त्याच्याकडे सुमारे ७० हजार बेस-जोड्यांचा एक प्लास्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा तुकडा, आहे. टाइप थ्री सुई, योप प्रथिनं आणि त्यांचे सायक शॅपरोन सगळे त्याच्यावर. पिसवेच्या थंड शरीरात ही यंत्रणा थंड असते. आपल्या ३७ अंशांच्या शरीरात आली की जागी होते. पांढरी पेशी जिवाणूला गिळायला येते तेव्हा योप प्रथिनं तिच्या आत जाऊन गिळण्याची क्रियाच बंद पाडतात. शॅपरोन नसेल तर त्याचं योप नीट पोचत नाही. एवढ्याशा सोबतीवर एवढा मोठा आजार उभा आहे.

मूत्रमार्गाच्या संसर्गातही शॅपरोन असतात असं ऐकलं.

असतात, आणि मला या विषयाची ओढ लागली ती याच प्रश्नामुळे. माझ्या आईला एका वर्षात तीनदा हा त्रास झाला. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात तिन्ही वेळा लघवीची कल्चर तपासणी न करताच प्रतिजैविक लिहून दिलं. तिसऱ्या वेळी ते लागूच पडलं नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका दिवसभर पाणी कमी पितात, कारण शेतात आडोसा नसतो. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासणी मागून घ्या, हे मी प्रत्येक मुलीला सांगते.

असे बहुतेक संसर्ग ई. कोलायमुळे होतात. मूत्राच्या धारेत तो वाहून जात नाही, कारण त्याला चिकटायचे केस असतात, त्यांना पिली म्हणतात. टाइप वन पिलीच्या टोकावरचं फिमएच मूत्राशयाच्या पेशींवरच्या मॅनोज साखरेला धरतं. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या वाणांत पी पिली सापडते.

पिली म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची माळ, आणि तिचा प्रत्येक मणी जन्मतः अपुरा असतो. त्याची घडी पूर्ण व्हायला सात पट्ट्या लागतात, त्याच्याकडे सहाच. सातवीच्या जागी उघडी खाच राहते आणि तिच्यामुळे तो टिकूच शकत नाही. इथं शॅपरोन येतो, पॅपडी किंवा फिमसी. त्याचा आकार बूमरँगसारखा, दोन भागांचा, पॅपडीची रचना १९८९ मध्ये कळली. तो आपलीच एक पट्टी मण्याच्या खाचेत उसनी देतो. मणी तात्पुरता पूर्ण होतो. १९९९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी ही गोष्ट रचनेतून दाखवली.

मग दोघं बाह्य पटलातल्या अशर नावाच्या दाराशी येतात. मागून येणाऱ्या मण्याला एक मोकळं शेपूट असतं. ते शेपूट पुढच्या मण्याच्या खाचेत एका टोकापासून सरकत जातं, आणि सरकता सरकता शॅपरोनची पट्टी बाहेर निघते. उसनी पट्टी परत, कायमची पट्टी आत. मणी मण्यात असा गुंफत जातो. मधल्या जागेत एटीपी नसतं, तरी हे काम चालतं. कारण शॅपरोनने मण्याला पूर्ण आवळलेलं नसतं. शेपूट आत गेल्यावर घडी जास्त घट्ट होते आणि त्या घट्ट होण्यातूनच लागणारी ऊर्जा मिळते. इतकं काटकसरी काम मी दुसऱ्या कुठल्या यंत्रणेत पाहिलेलं नाही.

कपाशी, लिंबू, डाळिंबाशी याचा संबंध येतो का?

येतो. लिंबावरचा खैऱ्या आणि डाळिंबावरचा तेल्या हे दोन्ही झँथोमोनास जिवाणूंमुळे होतात आणि दोघांकडे टाइप थ्री यंत्रणा आहे. मिरची-टोमॅटोवरच्या झँथोमोनासमध्ये एचपीएबी नावाचा शॅपरोन एकटाच अनेक प्रथिनांना दारापर्यंत नेतो. तो काढला तर जिवाणूची रोग करण्याची ताकद जवळजवळ जाते.

कपाशीचा संबंध वेगळा आहे. मार्च २००२ मध्ये भारतात मंजुरी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीत मॉन ५३१ नावाचा बदल होता. तो करताना परकं जनुक कपाशीच्या पेशीत घालायला ॲग्रोबॅक्टेरियम वापरला होता. हा जिवाणू टाइप फोर यंत्रणेतून डीएनएचा तुकडा वनस्पतीत सोडतो. सोबत व्हिरई-टू हे प्रथिन वेगळं पाठवतो, ते आत गेल्यावर त्या डीएनएवर आवरण घालतं. पण व्हिरई-टू जिवाणूच्या आतच एकमेकांना चिकटू लागलं तर सगळं बिघडेल. म्हणून व्हिरई-वन हा इवलासा शॅपरोन, अवघ्या सात किलोडाल्टनच्या आसपास, त्याला धरून ठेवतो. शेतातल्या पांढऱ्या सोन्यामागेही एक पाठराखीण उभी आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हीट शॉक प्रथिनं आणि हे शॅपरोन एकच का?

नाही. उष्णता वाढली की प्रथिनं उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात. तेव्हा डीएनएके, ग्रोईएल असे सर्वांना उपयोगी पडणारे शॅपरोन वाढतात आणि ते एटीपी वापरतात. टाइप थ्रीचे शॅपरोन ठरावीक मालाचेच असतात आणि स्वतः एटीपी वापरत नाहीत. दोघांचं नाव एक, स्वभाव वेगळा.

शॅपरोन नसला तर काय होतं हे डोळ्यांना दिसतं का?

प्रयोगशाळेत मी पाहिलं आहे. सुईतून जाणारं एक प्रथिन ई. कोलायमध्ये एकटंच बनवलं. पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं तर सगळं प्रथिन नळीच्या तळाशी पांढरट, खडूसारख्या गोळ्यात बसलेलं, वरचं पाणी स्वच्छ. दोन आठवडे मीठ, तापमान, बफर बदलत बसलो. मग त्याच्या शॅपरोनचं जनुक त्याच पेशीत सोबत घातलं. या वेळी गोळा अगदी लहान होता आणि प्रथिन वरच्या द्रवात होतं. आजही या प्रथिनांवर काम करताना जोडी एकत्रच बनवतात.

यांच्याविरुद्ध औषध येईल का?

प्रयत्न बरेच वर्षं चालू आहेत. पिलीच्या शॅपरोनला अडवणाऱ्या रेणूंना पिलिसाइड म्हणतात. त्यांनी जिवाणू मरत नाही, फक्त चिकटू शकत नाही. जिवाणू मरत नसेल तर प्रतिकार वाढवण्याचा दबावही कमी पडावा, अशी आशा आहे. आज डॉक्टर लिहून देतात त्या गोळ्या या नव्हेत, त्यामुळे दिलेला प्रतिजैविकाचा कोर्स मध्येच सोडू नका.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही करून बघता येईल?

येईल, शिक्षकांच्या देखरेखीखाली. ई. कोलायचा निरुपद्रवी प्रयोगशाळेतला वाण घ्या. द्रव माध्यमात, न हलवता, ३७ अंशांवर दोन दिवस वाढवा. स्थिर ठेवल्याने टाइप वन पिली असलेल्या पेशी वाढतात. बेकरीचं यीस्ट मिठाच्या पाण्यात कालवा. काचपट्टीवर दोन थेंब : दोन्हींत यीस्ट आणि जिवाणू, दुसऱ्यात आधी मॅनोज साखरही. काचपट्टी हळूहळू हलवत राहा.

पहिल्या थेंबात थोड्याच वेळात बारीक दाणे दिसायला लागतात, दूध फाटल्यासारखे. यीस्टच्या भिंतीवरच्या मॅनोजला फिमएचने धरलेलं असतं. दुसऱ्या थेंबात फिमएचचे हात साखरेनेच भरलेले असतात, त्यामुळे थेंब शेवटपर्यंत सरळ दुधाळ राहतो. काचपट्टी जंतुनाशकात टाकण्याआधी दोन्ही थेंब काळ्या कागदावर धरून बघा, फरक जास्त स्पष्ट दिसतो.